मुकं अक्षर

वादळामुळे आज वर्ग घराघरांतून.
रिमूस्कीत बर्फ ढकलणारी गाडीच बर्फात रुतली आहे,
आणि माझ्या पडद्यावर एक सामायिक पान,
ज्यावर एकाच वेळी अकरा जण लिहितायत.

अकरा रंगांच्या अकरा उभ्या रेघा, लुकलुकणाऱ्या.
ज्यांनी नाव घातलं नाही
त्यांना यंत्रानं परस्पर प्राणी करून टाकलंय:
अनामिक बीव्हर, अनामिक घुबड,
अनामिक पाणघोडा. हा रोडेल असणार,
तो वाक्यात शिरला की बाकीचे सरकून बसतात.

धडा चौदावा. भूतकाळ.
फ्रेंचमध्ये बहुतेक गोष्टी घडून गेल्या की आपल्याजवळ उरतात.
मी खाल्लं, म्हणजे खाल्लेलं माझ्यापाशी आहे.
मी पाहिलं, म्हणजे पाहिलेलं माझ्यापाशी आहे.
थोडीच क्रियापदं ऐकत नाहीत:
येणं, जाणं, जन्मणं, पडणं, राहणं, मरणं.
ती कुणाच्या मालकीची होत नाहीत,
माणूसच ती होऊन बसतो.
बावीस वर्षं हे मी फळ्यावर लिहीत आले.
तास संपत आलेला असायचा,
स्वतः कधी वाचलं नाही.

प्रत्येकानं एक वाक्य लिहा, म्हटलं. दुसऱ्याचं तपासा.
येइसोन: मी जानेवारीत आलो, बूट न घेता.
झोर्याना: मावशी खारकीव्हलाच राहिली.
थुई: मी त्याच जिन्यावरून दोनदा पडले.
रोडेल: साहेब लवकर गेले. खाली कुणीतरी टाळ्या चिकटवल्या.

आणि तळाशी, जांभळ्या रेघेनं, बराच वेळ नुसतं लुकलुकून,
लेतेब्रहान:
मोन आंफां ए पार्ती.
माझं मूल गेली.

गेली.
शेवटी एक अक्षर जास्तीचं, बाईचं,
जे लिहायचं असतं आणि म्हणायचं नसतं.
वाक्य मोठ्यानं वाचा, ते असो वा नसो,
कानाला काहीच कळत नाही.

पाणघोडा आला, अक्षर खोडून गेला.
बरोबर आहे त्याचं: 'मोन' पुल्लिंगी, पहिल्याच आठवड्यात शिकवलंय.
अक्षर परत आलं.
घुबडानं खोडलं.
परत आलं.
मग वीज गेली, माझ्या बाजूची,
आणि वर्ग मेणबत्तीच्या वासात संपला.

सकाळी, कॉफी घेऊन, मी पानाचा इतिहास उघडला.
ही सोय मला आवडते. कुणी किती काम केलं
ते मिनिटांसकट दिसतं, गुण देणं सोपं जातं.
आठ वाजून चार: खोडलं. आठ वाजून पाच: लिहिलं.
आठ वाजून सोळा. सतरा.
झोर्यानानं दहाला. दहा वाजून दोनला जांभळं.
रात्री दोन चाळीस: काहीच बदल नाही,
फक्त कुणीतरी पान उघडून बसलं होतं
एकोणपन्नास मिनिटं.

कडेच्या मोकळ्या जागेत एक शब्द नाही.
भांडण नाही, विनंती नाही.
दर वेळी तेवढं एक अक्षर.

आणि नियम तर असा आहे
की स्वरापुढे 'मा' अडखळते,
म्हणून मुलीलाही 'मोन' उसना घ्यावा लागतो.
उसन्या शब्दामागेही मुलगी मुलगीच राहते.
हा धडा सतरावा. अजून तिथवर पोचलो नव्हतो.
ती कशी पोचली, कुणास ठाऊक.

पाच वेळा खोडलेलं दिसत होतं.
पाणघोडा, घुबड, झोर्याना, पुन्हा पाणघोडा.
पाचवी रेघ हिरवी होती.
सहा वाजून दहा, आज पहाटे.
हिरवी मी आहे.
डोळे चोळत, वह्या तपासाव्यात तशी,
सवयीनं.

त्यानंतरचं जांभळं सहा वाजून अकराचं.

मी कडेला लिहिलं: बरोबर.
पुसलं. लिहिलं: तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं.
दुपारपर्यंत बर्फ हटला, पूल उघडला,
खिडकीखाली कुणीतरी फावड्यानं गाडी शोधत होतं.
तीन वाजता माझ्या ओळीखाली
दोन शब्द आले, जांभळे:

ठाऊक आहे, मादाम.